खड्याची टिकली

"काका, चावत नाही तो. हात तरी लावून बघा," अपेक्षा म्हणाली आणि तिनं माऊस माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवला.

मी कप उचलला. माऊस राहू दिला.

"आपल्या गावात उंदराले पिंजऱ्यात धरतेत, पोरी. कुरवाळत कोनी बसत नाही."

माणिकराव मिशीत हसले. वजनकाटा त्यांचा, अपेक्षा त्यांची नात, आणि काट्याच्या कॉम्प्युटरवर चालतो तो प्रोग्राम माझा. म्हणजे भांडण तिघांचं होतं, पण तोंडं दोघांचीच चालली होती. चौथी होती चांगुणाबाई. ती खिडकीपाशी आपल्या खुर्चीवर आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि काट्यावर चढलेल्या ट्रॅक्टरवाल्यावर ओरडत होती.

"नंबर बोल!"

"मावशी, समोरच त लिवेल हाये."

"लिवेल असन. तू बोल."

तो निमूट बोलला. चांगुणाबाईनं नंबर टाकला, बटण दाबलं, कॉम्प्युटरनं एक लांब शीळ घातली आणि प्रिंटर किरकिरत पावती बाहेर ढकलू लागला. मी अपेक्षाकडे असं पाहिलं, जसं शेतकरी आपल्या बैलजोडीकडे पाहून मग शेजाऱ्याकडे पाहतो.

"माऊस कुठं लागला सांग?"

"काका, प्रश्न माऊसचा नाहीये."

"मंग कायचा हाये?"

माणिकरावांनी हात वर केला. "बस झालं बे तुमचं. ज्ञानेश्वर, आयक. सोयाबीन तोंडावर हाये. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा प्रोग्राम चालू करू. मेहकरले पेट्रोल पंपावर पाह्यला म्या, काचेवर नुसतं बोट टेकवलं की काम झालं. ह्या पोट्टीनं सुट्टी काढली त्याच्यासाठी. तू फक्त एक डाव पाह्यजो आन सांगजो, बरोबर हाये का म्हनून. तुह्या हाव म्हटल्याबिगर म्या जुना बंद करत नाही."

"आन चांगुणाबाई?"

"तिले जमलं त जमलं. नाही त दुसरं कोनी पाहू. तिचं बी वय झालंच न आता."

हे ते हळू बोलले. पण चांगुणाबाईची पाठ क्षणभर ताठ झाली, हे मी पाहिलं. मग ती पुन्हा ओरडली, "पुढची गाडी! नंबर बोल!"

माझं नाव ज्ञानेश्वर. तोंडावर गाव मला ज्ञानूभाऊ म्हणतं आणि माघारी 'फॉक्सप्रो' म्हणतं. ज्यात मी उभं आयुष्य प्रोग्राम लिहिले ती ही भाषा. तिच्या कंपनीनं तिला कधीच वाऱ्यावर सोडलं, मी सोडलं नाही. मला मतं फार आहेत, हे मी स्वतःच सांगून टाकतो. माझी बायको पुष्पांजली म्हणते की, तुमच्या मतांचं पीक काढलं असतं तर आपण कापसाची जिनिंग मिल टाकली असती. क्लाऊडबद्दल माझं मत असं की, आपलं बियाणं दुसऱ्याच्या कणगीत ठेवायचं आणि पेरणीच्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. अपडेटबद्दल असं की, चांगला चालणारा नांगर दर पंधरवड्याला ठोकत बसणारा माणूस शेतकरी नव्हे, लोहाराचा जावई. आणि हल्ली मशीनच मशीनचा प्रोग्राम लिहून देतं म्हणतात, त्याबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. ज्यानं आयुष्यात सोयाबीनचं पोतं उचललं नाही, ज्याच्या नाकात भुसा गेला नाही, तो काट्याचा प्रोग्राम लिहिणार!

अपेक्षानं निम्मा प्रोग्राम तसाच लिहून घेतला होता. तिनं तसं हसत सांगितलंही. मी उठून बाहेर गेलो आणि थुंकून आलो.

तिच्यावर माझा राग नव्हता, हेही सांगतो. ही पोरगी फ्रॉक घालायची तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये येऊन बसायची. काळ्या पडद्यावर स्वतःचं नाव शंभरदा उमटवायला मीच तिला शिकवलं. तेव्हा ती टाळ्या पिटायची. आता पुण्याच्या कंपनीत तिच्या हाताखाली माणसं आहेत. आपणच शिकवलेलं पोर आपलाच प्रोग्राम काढायला येतं, तेव्हा अभिमान वाटावा की वाईट, याबद्दलचं मत मात्र मला अजून बनवता आलेलं नाही.

माझा तो प्रोग्राम कसा आला, ते दिवसच वेगळे होते. मी अकोल्याला शिकून आलो होतो. आमच्या डोणगावात कॉम्प्युटर म्हणजे लोक चपला काढून आत येत. माणिकरावांनी नवाच काटा बसवला होता आणि त्यांना पावती छापील हवी होती. मी महिनोन्‌महिने घरी लिहायचो, फ्लॉपीत भरायचो, पुष्पांजली ती फ्लॉपी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून द्यायची. काट्यावर पोचेपर्यंत धुळीनं किंवा उन्हानं ती बिघडलेली असायची. मग परत घरी. त्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत आपली बोली लिहिली. गाडी पुरी चढली का, असं कॉम्प्युटर विचारायचा. हो म्हणायचं तर 'एच' दाबायचं, कारण डोणगावात हो कोण म्हणतं? हाव म्हणतात.

काट्यावर आधी चांगुणाबाईचा नवरा होता. तो वारला तेव्हा माणिकरावांनी तिलाच त्या खुर्चीवर बसवलं, हे त्यांचं मोठेपण मी कधी नाकारणार नाही. चार बुकं शिकलेली बाई. पहिल्या दिवशी तिनं कीबोर्डला लांबूनच नमस्कार केला. मी म्हटलं, बाई, बोट लावा, जळत नाही. दुपारी तिच्या डब्यातली भाकर आणि ठेचा माझ्यासमोर सरकवून ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या मशिनीले बोलता येत नाही का? गाडी हलून राह्यली का ठरली, ते मले कसं समजाव? मी इकडं पावती फाडून राह्यली असंन त?"

मला ते पटलं. वजन ठरलं की एक लांब शीळ, हलत असलं की दोन तोकड्या, अशी सोय मी करून दिली. पुढं कधी तरी ती म्हणाली, एकच नंबर दोनदा टाकल्या गेला त बी काहीतरी आवाज द्या न. मी जाडसर, घोगरा आवाज दिला. तिनं त्याचं नाव 'बेडूक' ठेवलं. बेडूक ओरडला की ट्रकवाले हसायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. माऊस काढून टाकला तोही तिच्या म्हणण्यावरून. टेबलावर जागा खातो म्हणाली.

यातून माझं एक तत्त्वज्ञान तयार झालं, आणि ते मी क्लासमध्ये, लग्नात, एसटी स्टँडवर, जिथं कोणी ऐकेल तिथं सांगत आलो. चांगला प्रोग्राम डोळ्याला कमी आणि कानाला जास्त असतो. हात कीबोर्डवरून हलता कामा नये. पडदा जितका साधा तितका बरा. लोकांना वाटायचं, हा माणूस काहीतरी खोल बोलतो. मलाही वाटायचं.

आणि टिकल्यांची गोष्ट तर मी आणखी रंगवून सांगायचो. दरवर्षी दसऱ्याला काट्याची पूजा होते, कॉम्प्युटरला झेंडूचा हार पडतो, कीबोर्डला हळदीकुंकू लागतं. एका दसऱ्यानंतर मला कीबोर्डच्या तीन बटणांवर टिकल्या चिकटवलेल्या दिसल्या. एक भरल्या गाडीच्या बटणावर, एक रिकाम्या, एक पावतीच्या. चमचमणाऱ्या, खड्याच्या. झिजल्या, पडल्या की चांगुणाबाई नव्या लावायची. विधवा बाई टिकलीचं पाकीट घेते म्हणून बाजारात बाया तोंडाला पदर लावून काय काय बोलायच्या. मी त्यांना झापायचो. म्हणायचो, अरे, समाजानं तिच्या कपाळावरून जे काढून घेतलं ते तिनं मशिनीच्या कपाळी लावलं, तुम्हाला काय कळणार! अकोल्याला एकदा आमच्या जुन्या प्रोग्रामरांचं संमेलन झालं, तिथं मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकानं चष्मा काढून पुसला.

तर त्या दिवशी दुपारी अपेक्षा म्हणाली, "काका, मी दिवसभर मावशींजवळ बसते. काम कसं चालतं ते बघितल्याशिवाय मी काही बदलणार नाही."

मनात म्हटलं, बस बाई, बस. माझ्या प्रोग्रामचं दर्शन घे. ती स्टूल ओढून बसली. मी दारात खुर्ची टाकून पेपर वाचण्याचं नाटक करत होतो.

थोड्या वेळानं तिला लॅपटॉप लावायला प्लग हवा होता. टेबलाखाली तारांचं जंजाळ. तिनं चुकून पडद्याची वायर उपटली. पडदा मिट्ट काळा झाला. कॉम्प्युटर मात्र चालूच होता, त्याची वायर वेगळी. "अय्या, सॉरी मावशी," म्हणायला अपेक्षानं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

कारण चांगुणाबाई थांबलीच नाही. "नंबर बोल!" ट्रॉली चढली. दोन तोकड्या शिळा वाजल्या, ती थांबली. लांब शीळ वाजली, बटण दाबलं, पावती आली, फाडली, दिली. दुसरी ट्रॉली चढली. तेच. काळ्या पडद्यासमोर बसून ती बाई काम करत होती आणि पडदा काळा आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

मला तर आकाश ठेंगणं झालं. अपेक्षाला खुणेनं बाहेर निंबाखाली बोलावलं आणि म्हणालो, "पाह्यलं? याले म्हनतेत प्रोग्राम! पडदा बी लागत नाही! आन तू मले काचेचं कौतुक सांगून राह्यली!"

अपेक्षा हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काका, मावशींना दिसत नाहीये."

"काय?"

"पडदा बंद झालेला त्यांना कळला नाही. मी दोनदा बाजूनं त्यांच्या चेहऱ्याजवळ हात नेला. त्यांना बाजूचं काहीच दिसत नाही, आणि समोरचंही पुसट दिसत असणार. नंबर का ओरडायला लावतात त्या? मी आत्ताच पाणी मागितल्यावर ग्लास द्यायला त्यांनी टेबलावर आधी हात फिरवला. तुम्ही इतकी वर्षं येता, तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी मागं सरलो. निंबाच्या पारावर बसलो आणि एकेक गोष्ट मला आपोआप दिसू लागली. दिवस मावळायच्या आत चांगुणाबाई घरी जाते. आम्ही म्हणायचो, एकटी बाई, अंधाराला भिते. ती शीळ. तो बेडूक. काढून टाकलेला माऊस. दर वेळी डब्यातली भाकर पुढं सरकवून, सहज म्हटल्यासारखं मागितलेलं काहीतरी. तिचे डोळे जसजसे जात होते तसतशी ती माझ्या प्रोग्रामला कान लावून घेत होती, आणि मी मूर्ख तिच्या गरजेला माझं मत म्हणून गावभर वाटत फिरत होतो.

"आन टिकल्या," मी म्हणालो.

"बोटाला बटण कळावं म्हणून," अपेक्षा म्हणाली. "खड्याची टिकली हाताला लागते ना."

अकोल्याच्या त्या संमेलनाची आठवण होऊन मला पारावरून उठून कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं. मी तिच्या कपाळाची कविता केली होती. ती बिचारी बाजारातल्या बायांचे टोमणे झेलत होती, पण डोळ्यांचं नाव काढत नव्हती. कारण काट्यावर आंधळी बाई कोण ठेवील?

थोड्या वेळानं माझ्यातला मतांचा माणूस जागा झालाच. जित्याची खोड. मी म्हणालो, "अपेक्षा, मंग त झालंच न! हा जुना प्रोग्राम बंद करताच येत नाही. माणिकरावांले सांगू, ह्या बाईले फक्त हाच चालवता येते. कांड संपलं."

"आणि आबा विचारतील, का? मग काय सांगाल?"

माझ्या आयुष्यातला सगळ्यात पक्का मुद्दा माझ्या हातात होता आणि तो वापरला तर चांगुणाबाईची खुर्ची जात होती. माणिकराव मनानं वाईट नाहीत, पण काटा हा धंदा आहे. ते हळहळतील, तिला लुगडं घेतील आणि घरी बसवतील.

"जुना किती दिवस चालेल, काका?" अपेक्षानं विचारलं. हे तिनं वादासाठी विचारलं नव्हतं. "त्या कॉम्प्युटरचे पार्ट तुम्ही भंगारातून आणता. तो गेला की मावशी काय करणार?"

"तुह्या काचेवर त टिकली बी लागत नाही."

"काच नको. कीबोर्डच ठेवू. तुमच्या शिळा, तुमचा बेडूक, सगळं जसंच्या तसं घेते. आणि वरून हे," असं म्हणून तिनं कानात घालायची एक छोटी गोळी माझ्या कानात बसवली आणि लॅपटॉपवर काहीतरी केलं. माझ्या कानात एक बाई मराठीतून बोलली. गाडीचा नंबर बोलली, वजन बोलली, गाडी अजून हलते आहे म्हणाली. "कॅमेरा नंबर वाचेल, हे मावशींच्या कानात सांगेल. चुकीचं बटण दाबलं तरी सांगेल. तुमच्या फॉक्सप्रोला हे जमत नाही ना, काका?"

"नाही," मी म्हणालो. "नाही जमत."

तो कानातला आवाज पुण्याकडचा होता, नाकातून बोलत होता. त्यावरही मला मत होतं. मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी मी माणिकरावांकडे गेलो. ते ओसरीत सुपारी कातरत बसले होते. अपेक्षा आत दाराशी उभी होती.

"मंग? पाह्यला का नवा?"

"पाह्यला."

"खरं सांगजो. तुहा बरा का हा बरा?"

"हा बरा हाये."

अडकित्ता थांबला. "तू म्हनून राह्यला हे? ज्ञानेश्वर? ताप-बिप त नाही न?"

"नवा बरा हाये, माणिकराव. फक्त काच नको. सोयाबीनच्या धुळीत काचेवर बोट चालत नाही, घामानं घसरते. कीबोर्ड राहू द्या. आन चांगुणाबाईच राहू द्या. हंगामात नवा मानूस बसवला त रांग मेहकरच्या रस्त्यापर्यंत जाईन."

"ते समदं ठीक हाये. पर तुहा जुना बंद करू? हाव म्हन."

हा एक शब्द. मी त्या प्रोग्रामला हजारदा हाच प्रश्न विचारायला लावला होता आणि तो मला कधी इतका जड वाटला नव्हता.

"हाव," मी म्हणालो.

माणिकराव इतके खूश झाले की आतून पेढे मागवले. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी पोचली होती. "काहो फॉक्सप्रो, हारले म्हनतेत पोट्टीपुढं?" एकानं विचारलं. एरवी मी त्याला अर्धा तास क्लाऊड समजावून सांगितला असता. त्या दिवशी म्हणालो, "हाव बाप्पा, हारलो," आणि चहा पिऊन उठलो. खरं सांगतो, माणसाला आयुष्यभर एकच गोष्ट चांगली करता आलेली असावी आणि तीच वाईट होती असं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागावं, याच्याइतकं दुखत नाही काही.

बाजाराच्या दिवशी मी अन्नपूर्णाबाईच्या बांगड्यांच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिलो. दुकान म्हणजे एक ताडपत्री आणि चार पेट्या. आजूबाजूला सगळ्या बाया. मी घसा खाकरला.

"टिकल्या पायजे होत्या."

"वहिनीले का? कोनच्या देऊ, मखमलीच्या?"

"नाही. कॉम्प्युटरले," माझ्या तोंडून निघून गेलं.

शेजारच्या दोघी फिसकन हसल्या. अन्नपूर्णाबाई हसली नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग पेटीच्या तळातून एक पाकीट काढलं.

"मंग ह्या न्या. खड्याच्या. चांगुणा ह्याच नेते. मखमलीच्या बोटाले लागत नाही म्हनते."

मी पाकीट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. म्हणजे हिला माहीत होतं. किती वर्षांपासून माहीत होतं कोण जाणे, आणि हिनं चकार शब्द काढला नव्हता. बाया तोंडाला पदर लावून बोलायच्या तेव्हाही नाही.

"बाई, तुम्ही कोनाले..."

"म्या टिकल्या विकते, भाऊ," ती म्हणाली. "दुसरं काही विकत नाही."

घरी आल्यावर पुष्पांजलीला पाकीट दिसलं. सगळं सांगावं लागलं. तिनं पाकीट उघडून एका टिकलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अकोल्याले तुम्ही ते कपाळाचं भाषण केलं होतं, तवाच मले वाटलं होतं, बाईच्या जातीले एवढी कविता परवडत नसते." तिनं माझ्या ताटात भाजी वाढली.

दसऱ्याच्या सकाळी काट्याला पाणी मारलं, आंब्याचं तोरण बांधलं. नवा कॉम्प्युटर टेबलावर, जुना खाली जमिनीवर, पण वायर लावलेला. पूजा करायच्या आधी तो मला स्वतःच्या हातानं बंद करायचा होता. माणिकराव, अपेक्षा, चार ट्रकवाले, सगळे उभे. मी जमिनीवर मांडी घातली आणि बंद करायचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. बंद करू का? हाव का नाही?

बोट त्या बटणावर ठेवलं आणि मला रडू आलं. त्या साध्या प्रश्नात माझी सगळी तरुण वर्षं होती. ती दुधाची पिशवी, ती बिघडलेली फ्लॉपी, टाळ्या पिटणारी फ्रॉकातली पोर. माणिकरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बटण दाबलं. पंखा फिरायचा थांबला.

आदल्या दिवशीच नव्या कीबोर्डवर मी तीन टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या. भरली गाडी, रिकामी गाडी, पावती. बरोबर मधोमध, मोजूनमापून. हार घालताना माणिकरावांचं लक्ष गेलं. "हे काय बे?"

"दसऱ्याचं हाये," मी म्हणालो. "पुजेचं."

"बरं केलं," ते म्हणाले आणि नारळ फोडायला वळले.

चांगुणाबाई खुर्चीवर बसली. अपेक्षानं तिच्या कानात ती गोळी बसवली, हळूच, कानातलं अडकू नये अशी. ट्रकच्या गोंगाटात नीट ऐकू यावं म्हणून, असं तिनं माणिकरावांना आधीच सांगून ठेवलं होतं. चांगुणाबाईचा चेहरा उतरला होता. रात्री झोपली नव्हती हे कोणालाही कळलं असतं. तिनं दोन्ही हात वर केले आणि कीबोर्डवर टेकवले. कुठं काय आहे ते शोधायला बोटं पुढं सरकली.

बोट पहिल्या टिकलीवर थांबलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

मला वाटलं, आता ही विचारेल की तुम्हाला कधीपासून माहीत आहे. काय सांगू, ते मी मनात जुळवू लागलो.

तिनं नखानं पहिली टिकली उचकटली आणि बटणाच्या खालच्या कडेला नेऊन दाबली.

"मधात नाही लावत, भाऊ," ती माझ्याकडे न वळता म्हणाली. "बोट पडलं की झिजते. कडेले लावाव." मग तिनं दुसरी उचकटली, तिसरी उचकटली, आणि आपल्या जागी लावल्या.

"चुकलंच," मी म्हणालो.

"असू द्या. नव्यानं लावनाऱ्याचं चुकतेच."

बाहेर पहिला ट्रक काट्यावर चढला. दोन तोकड्या शिळा झाल्या, माझ्याच. मग एक लांब. चांगुणाबाईच्या कानात ती पुण्याची बाई नंबर सांगत असणार, कारण तिनं मान किंचित वाकडी करून ऐकलं. ऐकून घेतलं, आणि मग खिडकीतून ओरडली.

"नंबर बोल!"

"व मावशी, आता त कॅमेरा बी बसवला. समोर लिवेल हाये न!"

"लिवेल असन," चांगुणाबाई म्हणाली. "तू बोल."